बारीक, चपट केसांना उठाव आणि लाट हवी असेल तर: पर्मच्या आधी काय करायचं

ताई, उत्तर आधी सांगते आणि मग कारणं. दिराच्या लग्नासाठी पर्म, म्हणजे रसायनाने केसांना लाट आणणं, करू नका, केस सपाट करणारं केराटीन तर मुळीच नको. केस कापा, न्हायचं पाणी आणि तेलाची वेळ बदला, केस वाळवायची रीत बदला. तुमच्या हातात पाच आठवडे आहेत, एवढ्याला ते पुरतात.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय 29, सोलापुरात विजापूर रोडला राहता, शाळेत शिकवता, मुलगी दीड वर्षाची आहे. केस कंबरेपर्यंत, सरळ आणि बारीक. सकाळी न्हालात तरी दुपारच्या सुट्टीपर्यंत टाळूला चिकटतात. वेणी करंगळीएवढी होते. तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नाआधी रिबॉन्डिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करणं, केलं होतं, आता महिन्यातून एकदा मेंदी लावता. घरी बोअरचं पाणी. पार्लरमध्ये केराटीन करा म्हणाले, बहीण पर्म सुचवते, सासूबाई एरंडेल लावायला सांगतात. तुम्हाला केस फुगीर दिसायला हवेत आणि त्यात थोडी लाट हवी.

तिघींनीही तुम्हाला केसांवर काहीतरी चढवायलाच सांगितलंय. बारीक केसाचा त्रास बहुतेक वेळा उलटा असतो. तो वजनाने पडतो. लांबीचं वजन, तेलाचं, कंडिशनरचं, पाण्यातल्या क्षाराचं. मुळापाशी केस उभा राहिला तरच उठाव दिसतो, आणि बारीक केसात स्वतःचंच वजन पेलायची ताकद कमी असते. म्हणून माझ्या पार्लरमध्ये माझं बहुतेक काम केसांवरून वजन उतरवायचं असतं. लावायच्या वस्तू त्यानंतर.

पण त्याआधी एक तपासणी घरी करा. पार्लरमध्ये रोज बायका ‘केस पातळ झालेत’ म्हणून खुर्चीत बसतात, आणि त्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. एकीचा एकेक केस बारीक असतो पण डोक्यावर संख्या भरपूर असते. दुसरीचा केस चांगला जाड असतो, पण डोक्यावर थोडेच उरलेले असतात. कंगव्यातला एक केस घ्या, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवा. बोटांना जाणवलाच नाही तर केस बारीक. मग उजेडात आरशासमोर भांग पाडा आणि फोनने वरून फोटो काढा. भांगाची रेघ बारीक, सगळीकडे सारखी असेल तर संख्या ठीक आहे. रेघ कुठे रुंद होत गेली असेल, दोन वर्षांपूर्वीच्या फोटोपेक्षा टाळू जास्त दिसत असेल, तर केस विरळ होतायत, आणि ते काम माझं नाही, त्वचारोगतज्ज्ञांचं आहे.

तुमच्या बाबतीत हे मुद्दाम सांगते. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस मुठीने गळायला लागतात. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते सगळे एकदम सुटतात. बहुतेकींचं हे वर्षभरात आपोआप थांबतं. तुमची मुलगी दीड वर्षाची आहे, म्हणजे तो काळ उलटून गेलाय. अजूनही न्हाणीघरात केसांचा पुंजका दिसत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन बरं असूनही हा साठा रिकामा असू शकतो, आणि बाळंतपण व दूध पाजणं झालेल्या बाईचा तो बऱ्याचदा असतो. दिवसाला 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे, त्याची धास्ती नको. मोठा ताप, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट यांचा परिणामही लगेच दिसत नाही, दोन-तीन महिन्यांनी दिसतो. म्हणून बायका दोष नव्या शाम्पूला देतात.

बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये तसं सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि शरीरात बायोटिन कमी नसेल तर त्या गोळ्यांनी केस जाड होत नाहीत. त्यापेक्षा रोजच्या ताटात डाळ, उसळ, अंडी, शेंगदाणे असू द्या, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहाने जेवणातलं लोह अंगी कमी लागतं.

आता पाणी. सोलापुरात केसांबद्दल बोलताना पाणी सोडून चालत नाही. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठवणीचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला आणि न्हायला बोअरचं, असं घराघरात चालतं. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. बादलीच्या आतल्या बाजूला पांढरी कड धरते, गिझरची कॉइल पांढरी पडते, तेच केसांवरही बसतं. केस निस्तेज दिसतो, गुंततो, हाताला खरखरीत लागतो. एक बट ताणून धरा आणि टोकाकडून मुळाकडे दोन बोटं सरकवा. पिठाळ, कोरडी घसट लागली आणि केस न्हालेला असूनही स्वच्छ वाटला नाही, तर समजा थर बसलाय. अशा केसावर मूस (उठावासाठी लावायचा फेस) लावा, रोलर लावा, काही धरत नाही.

अंगाच्या साबणाने न्हाणं पहिल्यांदा बंद करा. तुम्ही करत नसाल, पण बऱ्याच घरांत अजून चालतं. साबण आणि जड पाणी एकत्र आलं की चिकट साका तयार होतो आणि तो धुतला जात नाही. शाम्पूचा किंवा शिकेकाई-रिठ्याचा तसा साका होत नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा क्लॅरिफाइंग (थर धुऊन काढणारा) किंवा हार्ड वॉटर असं लिहिलेला शाम्पू वापरा, रोज नको. आणि शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्या. त्यात एका लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घातला तर क्षार सुटायला मदत होते. नंतर परत साध्या पाण्याचा एक तांब्या. लिंबू केसांत ठेवून उन्हात जाऊ नका, टाळू भाजते. हे दोन तांबे फार कष्टाचे नाहीत, पण त्यांनी पडणारा फरक तिसऱ्या न्हाण्याला हाताला कळतो.

तेलावरून घराघरांत वाद होतात, तुमच्याकडेही होणार. सासूबाईंना म्हणावं, तेल बंद करणार नाही, वेळ बदलणार आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि न्हाताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं, हा त्याचा खरा गुण आहे. त्यासाठी ते न्हायच्या आधी तासभर, कानाखालच्या लांबीला आणि टोकांना लावायचं. एक चमचा पुष्कळ झाला. न्हाल्यावर वरून तेलाचा हात फिरवला की तुमच्यासारख्या केसाचा उठाव तिथेच संपला. एरंडेल मात्र नको. त्याने नवा केस उगवत नाही, ते घट्ट आणि जड असतं, आणि बारीक केसातून काढताना दोन-तीनदा शाम्पू चोळावा लागतो, त्यातच केस तुटतात.

न्हायचं किती वेळा? एक दिवसाआड चालेल. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर असतो, टाळूला घाम येतो, आणि सरळ बारीक केसावरून तेल-घाम झरझर खाली उतरतो. ‘आठवड्यातून एकदाच न्हावं’ हा नियम दाट, कुरळ्या केसांना ठीक आहे. शाम्पू टाळूला, कंडिशनर फक्त कानाखाली. टाळूला कंडिशनर लागला की दुपारच्या सुट्टीत पुन्हा केस चिकटलेले.

न्हाल्यावर टॉवेल. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, अंग पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही. पण त्याच्या उभ्या फासांत ओला बारीक केस अडकतो आणि चोळलं की तुटतो. कपाळाजवळ जे आखूड केस उभे राहतात त्यातले बरेच असे तुटलेले असतात. केसांना जुना मऊ सुती पंचा किंवा धुऊन विटलेली सुती साडी वापरा. गुंडाळून दाबायचं, चोळायचं नाही, आणि ओल्या केसांवर झाडल्यासारखा पंचा मारायचा नाही.

आता कापण्याचं. तुम्हाला लांबी सोडवणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तीन वर्षांत सुमारे 40 सेंटिमीटर. तुमच्या टाळूवरची बट कंबरेपर्यंत येते म्हणजे ती 70 सेंटिमीटरच्या आसपास असणार. म्हणजे तिची शेवटची 30 सेंटिमीटर रिबॉन्डिंग झालेली आहेत. मानेजवळची बट कंबरेपर्यंत यायला 45 सेंटिमीटरच लागतात, तिच्यात रिबॉन्डिंगचा भाग पाचेक सेंटिमीटरच उरलाय. एकाच वेणीत वर निरोगी केस आणि खाली रसायनाने दाबून सरळ केलेला, झिजलेला केस. म्हणूनच वेणी खाली जाताजाता करंगळीएवढी होते. ते टोक दोरीने ओढल्यासारखं मुळालाही खाली खेचतं.

माझं म्हणणं, पाठीच्या मध्यावर, ब्लाउजच्या खालच्या पट्टीच्या जरा वर आणा. अंबाडा येईल, वेणी येईल, साडीवर मोकळे सोडले तरी शोभतील, घरच्यांचं मन राहील. खालची कड सरळ, भरीव कापून घ्या, थोडा यू आकार दिला तरी चालेल. पुढून चेहऱ्याभोवती दोन-तीन लांब लेअर, हनुवटीच्या खाली सुरू होणारे. बस. बारीक केसात खूप लेअर मारले की वर फुगा आणि खाली चार झिपऱ्या उरतात. आणि पार्लरमध्ये दातेरी कात्री किंवा रेझर हातात घेतला तर थांबवा. ती हत्यारं दाट केसांचं वजन कमी करायला आहेत. ‘लेअर द्या’ एवढंच म्हणू नका. कड भरीव ठेवा आणि टोकं विरळ करू नका, हे शब्द वापरा. यानेही रिबॉन्डिंगचा सगळा भाग जात नाही, टाळूवरच्या बटांत थोडा राहतो. तो पुढच्या दोन कापण्यांत जाईल.

त्याच दिवशी भांग बदला. वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडलेला केस मुळाशी आडवाच झालेला असतो. भांग दोन बोटं सरकवला, किंवा मधला भांग असेल तर बाजूला घेतला, की केस मुळाशी उलट्या दिशेला वळतो आणि तिथे लगेच उठाव येतो. याला पैसा लागत नाही. पहिले चार दिवस केस जुन्या जागी जायला बघतो, न्हाल्यावर ओला असतानाच नव्या बाजूला वळवून वाळवा म्हणजे ऐकतो.

वाळवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण उठाव आणि लाट दोन्ही इथेच ठरतात. केसाच्या आत प्रथिनांच्या साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. एक कच्चा, हायड्रोजनचा बंध. तो पाण्याने सुटतो आणि केस वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बसतो. दुसरा पक्का, गंधकाचा बंध, तो पाण्याने सुटत नाही, त्यासाठी पर्मचं रसायन लागतं. घरचं सगळं सेटिंग, रोलर, वेणीची लाट, टाँग (बट गुंडाळायचं गरम यंत्र), ब्लो ड्राय, पहिल्या बंधावर चालतं. कांजी केलेल्या सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की घडी बसते आणि साडी पुन्हा ओली झाली की मोडते, तसंच हे. म्हणजे तुमचा केस टाळूवर चपट ठेवून वाळवलात तर तो चपटच बसणार, मग वरून कितीही फुगवा.

म्हणून न्हाल्यावर लगेच वेणी किंवा अंबाडा घालू नका. पंच्याने पाणी टिपलं की मान पुढे वाकवून केस उलटे सोडा आणि बोटांनी मुळं हलवत वाळवा, पंख्याखाली किंवा ड्रायर मध्यम गरम ठेवून. ड्रायर एक वीत लांब, सतत हलता. वापरायचा असेल तर मूस या वेळी, केस दमट असताना, लिंबाएवढा फेस तळहातावर घेऊन फक्त मुळांना. सिरम तुम्हाला नको. अगदीच टोकं उडत असतील तर एक थेंब टोकांना. ऐंशी टक्के वाळले की सरळ उभं राहा, डोक्याच्या वरच्या भागातल्या तीन-चार जाड बटा वर उचलून गोल ब्रशवर किंवा वेल्क्रो रोलरवर घ्या, गरम हवा द्या आणि मग थांबा. गार होऊ द्या. ड्रायरला थंड हवेचं बटण असेल तर ते याच्यासाठी आहे. लाट बसते ती गार होताना. गरम असतानाच रोलर सोडला, टाँग काढल्या काढल्या बट खाली सोडली, तर अर्ध्या तासात केस सरळ. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिला महिना मी एवढंच सांगते: बट टाँगवरून काढलीस की तळहातावर तशीच गोल झेल, पिन लाव, आणि हात लावू नकोस.

टाँग वापरलीत तर पूर्ण कोरड्या केसावरच. ओल्या केसावर टाँग लावली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात. तिथून केस पुढे तुटतो, आणि ते कशानेही भरून येत नाही. टाँग लावताना चर्र आवाज आला तर ताबडतोब थांबा. बारीक केसाला 150 अंशांच्या आसपास पुरे. बटण असेल तर बघून घ्या, बरीच स्वस्त यंत्रं चालू केली की थेट वरच्या टोकाला जातात.

तुम्हाला मात्र मी बिनउष्णतेची लाट जास्त सुचवेन. रात्री केस जवळजवळ वाळलेले असताना चार सैल वेण्या घाला. प्रत्येक वेणी मुळापासून नको, कानाच्या खालून सुरू करा, नाहीतर वरचा भाग पुन्हा चपट बसतो. टोकाला रबर घट्ट नको, जुन्या सुती कापडाची पट्टी बांधा. वरचे केस डोक्यावर सैल गुंडाळून ठेवा. उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवून घ्या, घासणं कमी होतं. सकाळी वेण्या सोडा, बोटांनी मोकळ्या करा. कंगवा फिरवलात की लाट गेलीच. जास्त सुटी, मोठी लाट हवी असेल तर दोनच वेण्या, बारीक लाट हवी तर सहा. पूर्वी घरात मुलींचे केस चिंध्यांवर गुंडाळून ठेवायच्या, तीही अगदी योग्य पद्धत आहे. तिने मुळापर्यंत गोल वळण येतं. ओल्या केसावर मात्र रात्रभर गुंडाळू नका, आत वाळत नाही आणि टाळूला वास धरतो.

हवा बघूनही अपेक्षा ठेवा. मे महिन्यात आपली हवा कोरडी, लाट तशी टिकते, पण घामाने मुळं भिजली की वरचा उठाव बसतो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानेच कच्चे बंध सुटतात, तेव्हा वेणीची लाट दुपारपर्यंत धरली तरी खूप. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, केस वीज भरल्यासारखा उडतो. तेव्हा कंगव्याला किंचित पाण्याचा हात लावून फिरवा.

आता पर्म. मी पर्मच्या विरोधात नाही. बारीक आणि संख्येने बऱ्या असलेल्या केसाला मोठ्या रॉडवर, म्हणजे केस गुंडाळायच्या जाड नळीवर, केलेला सैल बॉडी वेव्ह (मोठ्या लाटांचा पर्म) फार छान दिसतो. पण तो म्हणजे गंधकाचे पक्के बंध तोडून नव्या आकारात जोडणं. आपल्याकडे बहुतेक अमोनियम थायोग्लायकोलेटचं लोशन वापरतात, ते चांगलंच अल्कधर्मी असतं. त्याने केसाचे खवले उघडतात, आत शिरून बंध सुटतात, रॉडवर गुंडाळलेला केस त्या आकाराला मऊ होतो. मग रॉड न काढता भरपूर पाण्याने धुवायचं, एकेक रॉड पंच्याने दाबून टिपायचं, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं न्यूट्रलायझर लावून बंध परत जोडायचे. सगळं यश टेस्ट कर्लमध्ये आहे. लोशन लावल्यावर दर काही मिनिटांनी एक रॉड दीड फेरा उलगडायचा, ताण द्यायचा नाही, आणि बट हातात मोकळी सोडून बघायची. रॉडच्या जाडीएवढं वळण घेऊन बट स्वतःहून मागे गेली की झालं, त्या क्षणी धुवायचं. घड्याळ लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या पार्लरमध्ये पर्म करून घेऊ नये. बारीक केस जास्त वेळ लोशनमध्ये राहिला तर ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि वाळला की तुटतो. हे अगदी वाईट दिसतं, कापण्यावाचून इलाज राहत नाही.

तुम्हाला आत्ता नाही म्हणते त्याची दोन कारणं. पहिलं रिबॉन्डिंग. त्यात हेच पक्के बंध तोडून सरळ जोडलेले आहेत. त्याच केसावर दुसऱ्यांदा तेच केलं तर टोकं जळल्यासारखी होतात, आणि नवा-जुना केस लोशन वेगवेगळं घेतो, म्हणून वर लाट आणि खाली झाडू असं होतं. दुसरं, मेंदी. शुद्ध मेंदी केसाच्या प्रथिनाला चिकटून बसते, तिने बारीक केसाला किंचित अंगही येतं, तो तिचा फायदा. पण त्या थरातून पर्मचं लोशन सारखं शिरत नाही आणि वळण कुठे घट्ट, कुठे नाहीच असं येतं. त्याहून धोक्याचं म्हणजे तयार मेंदीच्या पुड्या. काहींत धातूंचे क्षार असतात, आणि पेरॉक्साइड लागलं की केस गरम होतो. काळ्या मेंदीत तर पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी चेहरा सुजवते. म्हणून मेंदीवाल्या कुणालाही पर्म करायच्या आधी मी मागच्या भागातली थोडी बट कापून घेते आणि काचेच्या भांड्यात पेरॉक्साइड व थोड्या अमोनियात अर्धा तास ठेवते. बट गरम झाली, बुडबुडे आले, रंग झरझर बदलला, तर ते काम मी घेत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

पुढच्या दिवाळीपर्यंत मेंदी बंद ठेवलीत आणि दोनदा केस कापलेत, की मोठ्या रॉडचा विचार करायला हरकत नाही. तेव्हाही आधी एका बटेवर करून आठवडाभर बघायचं. पर्म तीन ते सहा महिने टिकतो, मुळाशी नवा केस सरळच येत राहतो, आणि केल्यावर 48 तास पाणी-शाम्पू नाही. आणि पर्मने केस वाढत नाहीत, आहेत तेच जास्त जागा घेतात.

केराटीनबद्दल थोडंच. ते केस सपाट आणि गुळगुळीत करायला आहे. फुगलेल्या, राठ केसाला त्याचा उपयोग, तुमच्या चपट केसाला ते आणखी चपट करेल. काही द्रावणांतून तापवताना फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो, डोळे चुरचुरतात. घरात दीड वर्षाचं मूल असताना मी ते सुचवणार नाही.

राहिलं लग्न. या आठवड्यात केस कापून घ्या म्हणजे पाच आठवड्यांत ते बसतात. मेंदी आता लावू नका. लग्नाच्या आदल्या दिवशी न्हा, त्या दिवशी सकाळी नको. ताजा धुतलेला बारीक केस निसटता असतो, पिन धरत नाही. कंडिशनर त्या न्हाण्याला अगदी टोकांपुरता. जी केस बांधणार आहे तिच्याकडे आठ-दहा दिवस आधी एकदा बसा आणि नेसायच्या साडीचा ब्लाउज घालून जा, गळा बघितल्याशिवाय अंबाड्याची उंची ठरत नाही.

वरचा उठाव बॅक कोम्बिंगने येतो, पण ते मुळाच्या दोन बोटांतच करायचं, कंगवा टाळूकडे दाबत, वर-खाली घासत नाही. त्याच्यावरून एक गुळगुळीत बट घ्यायची. रात्री ते सोडवताना कोरडं ओढू नका. भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावा, टोकांपासून वर या. बारीक केसाचं सगळ्यात जास्त नुकसान लग्नाच्या रात्री, थकून भागून घाईत सोडवताना होतं.

गंगावन लावायचं असेल तर हलकं घ्या आणि अंबाड्याच्या आत, स्वतःच्या केसांनी झाकलेलं. जड गंगावन मानेजवळचे केस दिवसभर ओढत राहतं, आणि वर केलेला उठाव संध्याकाळपर्यंत खाली येतो. मागे मोकळे लाटदार केस सोडायचे ठरवलेत तर मोगऱ्याचा गजरा त्यांच्यावर माळू नका. गजरेवाली पाणी शिंपडून देते, त्या ओलाव्याने नेमकी तेवढीच लाट उतरते. गजरा अर्धवट बांधलेल्या भागाभोवती घ्या, आधी दहा मिनिटं पंच्यावर पसरून ठेवा.

मंगल कार्यालयात एसी नसेल तर वर पूर्ण बांधा आणि लाट फक्त पुढच्या दोन बटांना ठेवा. मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला मोकळे केस फोटोपर्यंतही टिकत नाहीत. संध्याकाळच्या स्वागताला हवे तर सोडा, आदल्या रात्रीच्या चार वेण्या त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर पुन्हा तासभर घालून घ्या. टाँगची गरज पडणार नाही.

भांगात टाळू दिसत असेल तर त्या दिवसापुरती केसाच्या रंगाची पावडर मिळते ती रेघेवर टिपून घ्या, घामाने ओघळणार नाही अशी बघून, आणि ती आधी घरी एकदा लावून पंख्याशिवाय तासभर बसून बघा. फेरिटिनचा रिपोर्ट आला की आकडा कळवा. तो कमी निघाला तर पर्मचा विषय आपण दिवाळीच्याही पुढे नेऊ, कारण गळत असलेल्या केसावर मी रॉड लावत नाही.